वार्षिकांक : जानेवारीची नोंद

शाळेच्या वार्षिकांकाची 64 पैकी 51 पानं लागली. फाइल छापखान्यात द्यायला अजून बारा दिवस आहेत. गेल्या वर्षी या सुमारास माझ्याकडे फक्त स्नेहसंमेलनाचे फोटो होते. यंदा फरक पडला तो जूनमध्ये घातलेल्या एका वहीमुळे.

गेल्या वर्षी अंक हातात पडल्यावर सातवीतली एक मुलगी तो उभ्याउभ्याच शेवटपर्यंत चाळून गेली आणि पुन्हा पहिल्या पानापासून बघू लागली. वर्गाच्या फोटोच्या दिवशी ती तापाने घरी होती. बाकी अंकातही ती कुठेच नव्हती. वक्तृत्व, कबड्डी, नाटक, सगळीकडे तीच वीस-पंचवीस मुलं. हे माझ्या लक्षात यायला अंक छापून यावा लागला, याचं मला फार वाईट वाटलं.

म्हणून यंदा शाळा उघडली त्याच आठवड्यात पाचवी ते दहावीच्या बाराही तुकड्यांच्या हजेरीपटाची झेरॉक्स घेतली. 486 नावं, हीच ती वही. प्रत्येक नावापुढे तीन रकाने: वर्गाचा फोटो, दुसरा कोणताही फोटो, स्वतःचं लिखाण किंवा चित्र. आषाढीच्या दिंडीचे फोटो निवडले, त्याच संध्याकाळी खुणा केल्या. पंधरा ऑगस्टला, 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनालाही तसंच. दिवाळीच्या सुट्टीत मोजलं तर 138 मुलांपुढे वर्गाच्या फोटोशिवाय एकही खूण नव्हती.

मग कार्यक्रमांच्या मागे धावणं थांबवलं आणि रोजची शाळा टिपायला लागलो. खिचडीची पंगत, सायकलींची रांग, फळा पुसणारी जोडी, प्रयोगशाळेत परीक्षानळी उजेडाकडे धरून बघणारा मुलगा. स्टेजवर कधीच न दिसणारी मुलं इथे सहज सापडली. माझ्या मते यंदाची सर्वांत चांगली पानं हीच आहेत.

तिसऱ्या रकान्यासाठी हस्तलिखिताची आठ पानं राखली. विषय एकच, ‘माझ्या दप्तरात’, चार ओळी, स्वतःच्या अक्षरात. पहिल्या खेपेला पेन्सिलीत घेतलं, ते स्कॅनमध्ये फिकट आलं. काळ्या जेल पेनने कोऱ्या कागदावर पुन्हा लिहून घेतलं. चित्रांच्या रेघा 600 डीपीआयला (दर इंचाला 600 ठिपके) स्कॅन केल्या की कडा स्वच्छ येतात. अक्षर तसंच ठेवलंय, शुद्धलेखनही.

रंगाचा हिशोब आधी करा. सगळा अंक रंगीत परवडत नव्हता. सोळा पानांचे चार फॉर्म (एकत्र छापून घडी घातलेले गठ्ठे) एकात एक बसवून मधोमध पिना मारायच्या, तर बाहेरच्या फॉर्ममध्ये 1 ते 8 आणि 57 ते 64 ही पानं येतात. सलग सोळा पानं मिळतात ती फक्त सर्वांत आतल्या फॉर्ममध्ये, 25 ते 40. तोच फॉर्म रंगीत घेतला: बारा तुकड्यांची बारा पानं आणि संमेलनाची चार. वर्गाच्या फोटोला एक नियम पाळला. क्लिक झाल्यावर कुणी हलायचं नाही, मॉनिटरने तिथेच रांगेप्रमाणे डावीकडून नावं लिहायची. नंतर ती नावं जनरल रजिस्टरशी ताडून घेतली.

पालकांचे फोटो व्हॉट्सॲपवर आले तर डॉक्युमेंट म्हणून मागवा. साधा पाठवलेला फोटो आक्रसतो. 1600 पिक्सेल रुंदीचा फोटो 300 डीपीआयला जेमतेम सव्वापाच इंच भरतो.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला जुन्या फॉन्टमधल्या मजकुराने. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणताना ‘ऱ्या’ मोडतो आणि त्या जागी रफार येतो. नववीतल्या मुलाने सह्याद्रीच्या दऱ्यांवर लिहिलं होतं, प्रुफात त्याचा ‘दर्या’ झाला. संगणकाची तपासणी हे पकडत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. आता ‘र्या’ शोधून प्रत्येक जागा डोळ्यांनी बघतो. ल आणि श मराठी वळणाचे यावेत म्हणून मजकुराची भाषा ‘मराठी’ लावायलाही विसरू नका. बऱ्याच फॉन्टमध्ये तेवढ्याने काम होतं.

अंक दहावीच्या निरोप समारंभाला द्यायचाय, कारण त्यानंतर ती मुलं एकत्र भेटत नाहीत. म्हणून मजकूर 31 जानेवारीला बंद. मराठी भाषा गौरव दिन पुढच्या वर्षीच्या अंकात जाईल.

वहीत आता अकरा नावं उरलीत. चार आठवीची आहेत, ती सोमवारी मधल्या सुट्टीत ग्रंथालयात सापडतील असं बाई म्हणाल्या. दोघं डिसेंबरमध्ये नव्याने दाखल झालेत, त्यांचा वर्गाचा फोटोही नाही. त्यांच्या तुकड्यांचा फोटो शुक्रवारी पुन्हा काढतोय. उरलेल्या पाच जणांच्या चार ओळी बाकी आहेत. जेल पेनं दिली आहेत.