परवानगीपत्र

कॅनडातल्या व्हिक्टोरिया शहरात एका सार्वजनिक बागेत मी माळीकाम करतो. गेल्या ऑक्टोबरात मी कॅमासचे, म्हणजे निळ्या फुलांच्या एका रानरोपाचे, तीनेकशे कंद नव्या वाफ्यात हलवले आणि पाटी लावली: इथल्या मूळनिवासी लेक्वंगन लोकांचं पारंपरिक अन्न, क्वेट्लाल (त्यांच्या भाषेत कॅमास). एप्रिलअखेर वाफा निळाभोर झाला. मी खूश!

तो पाहायला लेक्वंगन समाजातल्या एक वयस्क बाई आल्या. सगळे त्यांना आंटी म्हणतात, मीही. निळ्यातून डोकावणारे चार मलईरंगी तुरे दाखवून त्या म्हणाल्या, "हे खाल्लंस तर उद्या कामावर यायचा नाहीस."

डेथ कॅमास. विषारी. फुलं झडली, पानं वाळली की दोन्हींचे कंद सारखेच, कांद्यासारखे. म्हणून इथल्या बायका फुलं असतानाच विषारी रोपं उपटून टाकत. चांगले कंद काठीने उकरायचे, मोठे घ्यायचे, बारके परत मातीत. मग तापल्या दगडांच्या खड्ड्यात दिवसभर, कधी त्याहून जास्त शिजवायचे, म्हणजे त्यातल्या इन्युलिनची, सहज न पचणाऱ्या पिष्टासारख्या पदार्थाची, साखर होते. कुरणं मोकळी राहावीत म्हणून ती ठरवून जाळायची. १८४३ मध्ये हडसन्स बे कंपनी या ब्रिटिश व्यापारी कंपनीने इथे किल्ला बांधला, तेव्हा गोऱ्यांना वाटलं ही कुरणं आपोआपच अशी आहेत. पुढे जाळणं बंद झालं आणि डुकरांनी कंद उकरले.

आमच्या रोह्याकडे कडू करांदे राख घालून उकडल्याशिवाय कुणी तोंडात घालत नाही. आजीचं हे ऐकत वाढलेला मी, इथे मात्र वाळक्या पानांवरून कंद ओळखायला निघालो होतो.

आंटी उपटायला वाकल्या आणि थबकल्या. "कागद आणलास ना?"

बागेत रोप उपटायला मनाई आहे, म्हणून त्यांच्या नावाचं परवानगीपत्र काढलं होतं. वर ठळक अक्षरांत 'सलोखा उपक्रम'. मूळनिवासी मुलांवर निवासी शाळांत झालेल्या अन्यायाची चौकशी करणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाच्या २०१५ च्या अहवालानंतर हा शब्द इथे पुष्कळ कागदांवर दिसतो. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला, घडी घालून खिशात ठेवला.

"माझ्या पणजीला दाखवायला हवा होता," त्या म्हणाल्या.

मला हसावं की नाही कळेना. त्या मात्र मनापासून हसल्या.

दुपारपर्यंत सतरा तुरे निघाले. न फुललेले किती उरले असतील, ते पुढच्या वसंतात कळेल. पाटी मी लगेच काढली. आंटी म्हणाल्या, "दोन वसंत तरी लावू नकोस."