दूध तुटलं, कूस नाही

मंगळवार, रात्री

महिला प्रार्थनेनंतर चहाला आज पुन्हा तोच विषय. "लेक अडीच वर्षांची झाली ना गं? अजून तुझ्याजवळच झोपते?" एका काकूंनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यावर दुसरीने मोबाइल काढून कुणा परदेशी उपदेशकाचा व्हिडिओ दाखवला, खाली मराठी पट्टी. तान्ह्यालाही ठरल्या वेळीच पाजावं, रडलं की लगेच उचलू नये, मूल मुळातच पापी स्वभावाचं असतं, लाडावलं की आईला नाचवतं, आणि मग आईच्या मनातली देवाची जागा ते मूल घेतं, असा एकंदर सूर. माझा चहा तसाच राहिला.

तिथे मी गप्प बसले. काकूंच्या विचारण्यात काही वाकडं नव्हतं. शिवाय त्यांची स्वतःची तिन्ही मुलं एकाच खोलीत ओळीने अंथरुणं घालून वाढलीत, हे त्यांनीच मागे हसत हसत सांगितलंय. आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती घरांत मूल वेगळ्या खोलीत झोपवायचं म्हटलं तरी ती खोली होती कुणाकडे? मिशन कंपाउंडमधल्या दोन खोल्यांत आजी, आत्या, मुलं सगळी एकमेकांना चिकटून. त्यातूनच चांगली देवभीरू माणसं निघाली की.

घरी आल्यावर भांडी तशीच ठेवून शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं. पहिल्यांदा हन्ना, शमुवेल संदेष्ट्याची आई. एवढं नवसाचं पोर, आणि नवरा एलकाना वर्षाच्या यज्ञाला शिलोच्या मंदिरात निघाला तेव्हा ती म्हणते, बाळाचं दूध तुटेपर्यंत मी येणार नाही. देवाच्या घरी जायला चक्क नाही म्हणाली! नवऱ्याने काय करावं? तुला बरं वाटेल तसं कर, म्हणाला. हन्नाच्या मनात देवापेक्षा मूल मोठं झालं, असं शमुवेलाच्या पुस्तकात कुणीही म्हणत नाही. आणि दूध तुटणं म्हणजे तेव्हा काही सहा महिन्यांची गोष्ट नव्हती. कॅथलिक बायबलात मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात एक आई मुलाला सांगते, तुला मी तीन वर्षं पाजलंय. मोशेच्या आईची तर गंमतच. स्वतःच्याच लेकराला पाजायचे पैसे तिने फारो राजाच्या मुलीकडून घेतले! पगारी मातृत्व रजा म्हणतात ती हीच असावी.

स्तोत्र 131 मात्र आज नीट वाचलं. तीनच वचनं आहेत. आपला जीव आईजवळच्या लेकरासारखा निवांत झालाय, असं स्तोत्रकर्ता म्हणतो, पण ते लेकरू दूध तुटलेलं आहे. इतकी वर्षं मी ते पिणारं बाळच धरून चालले होते. पिणारं बाळ आईजवळ येतं ते भुकेने, तोंडाने शोधत, ब्लाउज ओढत. दूध तुटलेलं मूल येतं तेव्हा त्याला काहीच नको असतं. माझी लेक दुपारी खेळता खेळता उठून येते, मांडीवर पाठ टेकते, माझ्या हनुवटीखाली डोकं घुसळते, मिनिटभर बसते आणि पुन्हा ठोकळ्यांकडे जाते. पाणी नको, खाऊ नको. ते मिनिटभराचं बसणं म्हणजे वाईट सवय, असं मला कुणी सांगितलं तर मी विचारीन, मग या स्तोत्राचं काय करायचं?

आणि प्रभू येशूने तरी काय केलं? बाळांना आणणाऱ्यांना शिष्य दटावत होते, तो शिष्यांवर चिडला. शुभवर्तमान लिहिणारा लूक तर तान्ही बाळं म्हणतो. लांबून आशीर्वाद देता आला असता. मार्क सांगतो, त्याने त्यांना कवेत घेतलं, त्यांच्यावर हात ठेवले. प्रेषित पौलासारखा कडक माणूसही थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिताना स्वतःला लेकरांना पोसणाऱ्या आईच्या जागी ठेवतो. आपले रेव्हरंड टिळक ख्रिस्ताला माउली म्हणून गेले, ते तर वारकऱ्यांच्या भाषेतच.

मग ही ताठ शिकवण आली कुठून? चर्चच्या इतिहासात दोन्ही धागे दिसतात. प्रॉटेस्टंट पंथाचा पाया घालणाऱ्या मार्टिन ल्यूथरने 1522 मध्ये लिहिलंय की बाप बाळाचे लंगोट धुतो, लोक त्याला हसतात, पण देव आणि त्याचे दूत आनंदाने बघतात. रोममध्ये प्रिसिलाच्या भुयारी दफनभूमीत येशूची आई मरिया बाळाला छातीशी धरून बसलेली आहे, ते चित्र फार जुनं. 2014 च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी सिस्टिन चॅपेलमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी आयांना सांगितलं, बाळ भुकेलं असेल तर खुशाल इथेच पाजा. आमच्याकडे उपासनेत मूल कुरकुरलं की आई ओढणी सावरत व्हरांड्यात पळते.

दुसरीकडे सुझॅना वेस्ली. मेथडिस्ट पंथाच्या जॉन वेस्लीची आई, 19 बाळंतपणं. 1732 च्या पत्रात ती जॉनला कळवते की मुलं वर्षाची झाली की, काही तर त्याआधीच, त्यांना छडीची धास्ती घालून हळू आवाजात रडायला शिकवलं. वाचून अंगावर काटा येतो. वर्षाचं मूल! पण याच बाईने आठवड्याची संध्याकाळ न् संध्याकाळ मुलांना वाटून दिली होती, एकटं तिच्याजवळ बसून बोलायला. जॉनचा गुरुवार. त्यामुळे तिला सरळ कठोर म्हणून मोकळं होता येत नाही. व्हिडिओवाल्यांनी तिची छडी तेवढी उचलली आणि गुरुवार सोडून दिला, असं मला वाटतं.

एक गोष्ट मात्र मला टोचते. जो माझ्यापेक्षा मुलावर किंवा मुलीवर अधिक प्रीती करतो तो मला योग्य नाही, हे मत्तयातलं येशूचं वचन काही पुसता येत नाही. लेक माझ्याशिवाय झोपत नाही हे खरं, पण हल्ली मलाही तिच्याशिवाय झोप येत नाही. ऑफिसात कटकट झाली त्या दिवशी तिला जरा जास्तच कुशीत ओढते. ती सुटायला बघते तरी सोडत नाही. तेव्हा ते जवळ घेणं तिच्यासाठी असतं की माझ्यासाठी? उपदेशकाने हे विचारलं असतं तर मी ऐकून घेतलं असतं. तो बोलला मुलाच्या हट्टाबद्दल, आईच्या हट्टाबद्दल नाही.

जूनपासून ती बालवाडीत. हन्नानेही दूध तुटल्यावर शमुवेलाला शिलोला नेऊन याजक एलीजवळ ठेवलं आणि घरी परतली, पुढे दरवर्षी त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून नेत राहिली. हे मला आजवर कधी नीट पचलेलं नाही. जेवताना सासूबाईंपाशी तेच बोलत होते, की हन्नाने कसं केलं असेल, मला जमेल का. त्यांनी भाकरी मोडता मोडता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दोन तासांची बालवाडी आहे ती, शिलो नाही. वाढ पिठलं."