ठिपका लहान झाला, पण

आज भिंगं आखायच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पॉट डायग्राममधला, म्हणजे एका बिंदूचे किरण प्रतिमेत कुठे पडतात त्या चित्रातला, पसरट ठिपका एकदम आवळून आला. कॅमेऱ्याचा तीन भिंगांचा कूक ट्रिप्लेट, फोकल लेंथ ५० मिलिमीटर, एफ/५ (तोंड फोकल लेंथच्या पाचवा हिस्सा), दृश्याचा अर्धा कोन २० अंश. सहाही त्रिज्या आणि मधली दोन्ही अंतरं व्हेरिएबल केली, म्हणजे सॉफ्टवेअरला बदलायला मोकळी सोडली, आणि ऑप्टिमाइझ दाबलं. मेरिट फंक्शनचा आकडा, म्हणजे एकूण दोषांचं माप, भराभर घसरला नि थांबला. आनंद व्हायला हवा होता, तर रडूच आलं.

आप्पा कूलरमध्ये पाणी भरत होते. स्क्रीनकडे बघून म्हणाले, "हे तू केलं, की त्यानं केलं?" सहज विचारलं त्यांनी, टोमणा नव्हता. मला उत्तर देता आलं नाही.

भुसावळच्या दुकानात गिऱ्हाईक जुना चष्मा पुढे करायचं. आप्पा तो हातभर लांब धरून खिडकीच्या उभ्या गजाकडे बघायचे आणि काच हळूच डावी-उजवीकडे हलवायचे. काचेतला गज काचेबरोबर सरकला तर नंबर उणे, उलट सरकला तर अधिक. मग पेटीतली उलट्या नंबरची काच तिला लावायची. गज हलायचा थांबला की नंबर सापडला. त्यांना कोणी विचारलं असतं तर उत्तर त्यांच्या मनगटात होतं. माझ्या बोटाखाली फक्त एक बटण होतं.

पुण्याच्या मुलींना शेजारच्या टेबलावर विचारायला कोणी तरी असतं. इथे मे महिन्यात दुपारी लाइट जाते, लॅपटॉप तापतो, आणि एवढं शिकून करणार काय, हे आई ज्या स्वरात विचारते... जाऊ दे.

पण मी केलं की त्यानं? हेच डोक्यात घोळतंय. डेनिस टेलरने हा ट्रिप्लेट १८९३ मध्ये यॉर्कच्या कूक कंपनीत आखला तेव्हा कसलं ऑप्टिमाइझ? सहा वक्रता, दोन अंतरं, मिळून आठ गोष्टी हातात. सांभाळायच्याही आठच: फोकल लेंथ, पाच सायडेल दोष (प्रतिमा धूसर किंवा वाकडी करणारे) आणि रंगाचे दोन. म्हणजे आठही कुठे वळवायच्या हे त्याला माहीत होतं. मला नव्हतं, म्हणून ते यश मला परकं वाटलं.

रात्री जेवणं झाल्यावर सगळे व्हेरिएबल काढले आणि मधलं एफ२ नावाच्या काचेचं उणे भिंग हातानेच थोडं थोडं मागे नेलं. लेआउटमध्ये किरण त्याच्यावर खाली खाली पडू लागले. तेव्हा उमगलं. किरण जितका अक्षाजवळ पडेल, तितकी त्या भिंगाने वजा केलेली ताकद कमी. पण प्रतिमेचा पेट्झवाल बाक (त्या पाचांतला एक दोष, प्रतिमा सपाट न पडता वाटीसारखी वाकते तो) किरणाच्या उंचीवर अवलंबूनच नाही, तो पुरता वजा होतो. म्हणून एकूण ताकद शिल्लक राहते आणि प्रतिमा सपाट होते. मधली हवा त्यासाठीच ठेवलेली आहे! हे मला कोणत्याही आकड्याने सांगितलं नव्हतं.

बाकीच्या सात गोष्टी अजून अंधारात आहेत. असू देत. सॉफ्टवेअर माझ्यापेक्षा वेगाने पोचणार, पोचू दे. मला वाट बघत बघत जायचंय. उद्या मधल्या भिंगाचा नंबर तोच ठेवून त्याचा आकार वाकवायचा आणि कोमाची, म्हणजे कडेच्या ठिपक्याला फुटणारी, शेपटी कुठे जाते ते बघायचं. आप्पांना सकाळीच बसवते शेजारी.