तुरुंगातल्या कविता आणि चित्रं बाहेर आणताना : माझा अनुभव

कारागृहात लेखनाचा किंवा चित्रकलेचा वर्ग सुरू करायला परवानगी मिळते. हेलपाटे पडतात, पण मिळते. खरी कसोटी पुढे आहे. आत तयार झालेली कविता तिच्या कवीच्या नावासकट, एकही ओळ न गाळता बाहेर यायला हवी. महाराष्ट्रातल्या मध्यवर्ती कारागृहांत हे काम करताना जे उपयोगी पडलं, ते इथे लिहितो आहे.

अर्ज अधीक्षकांच्या नावे करायचा आणि प्रत पुण्याच्या कारागृह व सुधारसेवा मुख्यालयाला द्यायची. सोबत येणाऱ्या प्रत्येकाचं ओळखपत्र, फोटो, तासांचा आराखडा आणि साहित्याची यादी जोडायची. याच अर्जात एक वेगळा परिच्छेद हवाच : तयार झालेल्या कविता व चित्रं तपासणीनंतर बाहेर नेण्याची, प्रदर्शनात मांडण्याची आणि छापण्याची परवानगी. तो नसला तर वर्ग छान पार पडतो, समारोपाला भाषणं होतात आणि कागद मात्र कार्यालयाच्या कपाटात राहतात. नंतर नवा अर्ज करावा लागतो, तोवर अधिकारी बदललेले असतात.

या परिच्छेदावरून कोणी अडवलं तर एक निकाल माहीत असावा. प्रभाकर संझगिरी स्थानबद्ध, म्हणजे खटल्याविना कैदेत, असताना त्यांनी अणूच्या अंतरंगावर मराठीत पुस्तक लिहिलं. हस्तलिखित प्रकाशनासाठी बाहेर पाठवायला राज्य सरकारने नकार दिला. मुंबई उच्च न्यायालयाने तो नकार चुकीचा ठरवला आणि १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सरकारचं अपील फेटाळलं. ज्या गोष्टीला नियमांनी मनाई केलेली नाही, ती अडवणं म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्यावर घाला, असा त्याचा आशय. संझगिरी शिक्षा झालेले नव्हते, त्यामुळे हा निकाल प्रत्येक बंद्याला जसाच्या तसा लागतो असं समजू नये. पण अर्जात त्याचा उल्लेख असला की बोलणं ‘असं कधी होत नाही’च्या पुढे सरकतं.

साहित्याची यादी बारकाईने करा. नुसतं ‘चित्रकलेचं साहित्य’ लिहिलं की गेटवरच्या झडतीत सगळं अडकतं, आणि त्यात शिपायाची चूक नसते; जबाबदारी त्याच्यावर असते. वस्तू, नग, कशाची बनलेली, असं लिहायचं. स्पायरल वह्या, टाचण्या, कर्कटक, काचेच्या बाटल्या, पात्याचं शार्पनर यांची नावंच घालू नका. तैलरंग नकोत, कारण टर्पेंटाइन लागतं. वास येणारा, पातळ करायला द्रावण लागणारा गोंद नको, कारण तो नशेसाठी हुंगला जातो. पांढरा फेव्हिकॉल चालतो. कोळशाची चित्रं सुंदर होतात, पण ती पक्की करायचा फवारा आत नेता येत नाही आणि बराकीत चार हात लागले की काळा डाग उरतो. मेणखडू, प्लास्टिकच्या डब्यांतले पोस्टर रंग, आखूड दांड्याचे ब्रश आणि तासून आणलेल्या पेन्सिली, एवढ्यावर भरपूर काम होतं.

मंडालेत टिळकांना सुटे कागद मिळत नसत. पानं मोजून क्रमांक टाकलेल्या बांधीव वह्या आणि तासलेल्या पेन्सिली मिळत. क्रमांकाची ती पद्धत मी मुद्दाम ठेवतो. वही आत जाण्याआधी प्रत्येक पानावर आकडा टाकायचा. पान कमी झालं तर सगळ्यांनाच कळतं, आणि बंद्यालाही त्याचा आधार वाटतो.

कागद जाड घ्या. झेरॉक्सचा ७०-७५ जीएसएमचा (एका चौरस मीटरला इतके ग्रॅम वजनाचा) कागद पोस्टर रंगाने सुरकुततो. किमान १५० जीएसएम हवा. आकार ए-फोरच ठेवा. बराकीत सपाट जागा नसते, चित्र अंथरुणाच्या घडीत जातं. मोठा कागद गुंडाळला की जाड थरातला रंग तडकून पापुद्र्यांनी निघतो. म्हणून पातळ थर द्यायला पहिल्याच तासाला शिकवायचं आणि दोन चित्रांमध्ये कोरा कागद ठेवायचा.

दोन तासांची वेळ मिळाली तर हातात सव्वा तास धरा. झडती, नोंद, वेगवेगळ्या बराकींतून माणसं आणणं आणि परत गिनती यात बाकीचा वेळ जातो. लिहिणं खरं तर संध्याकाळी बराकी बंद झाल्यावर होतं, म्हणून तासाला वाचन आणि चर्चा, लेखन रात्री, अशी वाटणी बरी.

पहिल्या फेरीत बहुतेक कविता आईवर आणि पश्चात्तापावर येतात. त्या ऐकून घ्यायच्या, घाई करायची नाही. दुसऱ्या फेरीला एक स्वाध्याय देतो : बराकीतली एक वस्तू, आठ ओळी, आणि ‘पिंजरा’, ‘पाखरू’, ‘नशीब’ हे शब्द वर्ज्य. मग थाळीला पडलेला पोचा येतो, घोंगडीची उसवलेली कड येते, रात्रभर न विझणारा दिवा येतो. त्या दिव्यावरची कविता वाचली तेव्हा डोळ्यांवर टॉवेल टाकून झोपणं म्हणजे काय ते मला पहिल्यांदा समजलं. ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगायचं आणि दुसऱ्याने उतरवायचं. ओवी, अभंग, शेर यांची चाल असणारे असेच सापडतात. अहिराणी किंवा वऱ्हाडी बोलीला प्रमाण भाषेत ‘सुधारू’ नका. शुद्धलेखन बदललं तर कवीला वाचून दाखवून विचारा.

एक गोष्ट मी कधीच सोडत नाही : गुन्ह्याबद्दल विचारायचं नाही. न्यायाधीन बंद्याचा खटला चालू असतो आणि त्याचं लिखाण आत-बाहेर तपासलं जातं. सहआरोपी, साक्षीदार, फिर्यादी यांची नावं, तारखा, ठिकाणं लिहू नयेत हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायचं. शंका आली तर त्याच्या वकिलाला दाखवेपर्यंत मजकूर छापायचा नाही.

संमतीपत्रही पहिल्याच तासाला घ्या. जामीन, बदली, न्यायालयाची तारीख यांमुळे माणूस आज आहे, उद्या नाही. लेखनाचा हक्क बंद्याचाच असतो, कारागृहाचा नव्हे आणि आपला तर नव्हेच. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क देणं लेखीच व्हावं लागतं, आणि मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. आपल्याला सगळा हक्क लागतच नाही. ‘या एका पुस्तिकेत व प्रदर्शनात’ एवढीच परवानगी घ्या. कवितेखाली पूर्ण नाव, टोपणनाव की नुसती आद्याक्षरं, हे त्यानेच ठरवायचं. बाहेर मुलीचं लग्न ठरत असतं, मुलगा शाळेत असतो. नाव नको म्हणण्याला कारण लागत नाही. चित्र विकलं जाणार असेल तर पैसे कोणाच्या खात्यात, हेही त्याच कागदावर यायला हवं. बाहेरचा एक पत्ताही लिहून घ्यायचा.

तपासणीत ओळ गाळायला सांगितली तर ती आपण परस्पर गाळायची नाही. कवीला विचारायचं : बदलायची, की कविताच मागे घ्यायची? बरेच जण मागे घेतात, आणि तो त्यांचा अधिकार आहे.

छापताना पिनांऐवजी दोऱ्याची शिलाई आणि साधं मऊ मुखपृष्ठ घ्या, कारण पुस्तिका पुन्हा आत जायची असते. पिना काढून घेतल्या तर पानं सुटतात, आणि पुठ्ठ्याचं कव्हर झडतीत उसवलं जातं. बदली झालेल्यांच्या प्रती त्यांच्या नव्या कारागृहाच्या अधीक्षकांमार्फत पाठवायच्या, सोबत मूळ परवानगीची झेरॉक्स लावून. सुटलेल्यांच्या प्रती लिहून घेतलेल्या पत्त्यावर साध्या पाकिटात जातात. पाकिटावर कारागृहाचा शिक्का किंवा उल्लेख नको.