तुम्ही विचारलंत म्हणून: बडतर्फ जवानाला पेन्शन मिळते का?

सोळा-सतरा वर्षं नोकरी झालेल्या जवानाला गैरवर्तनाच्या ठपक्यावरून लष्करातून काढलं, आता पेन्शनचं काय, असं घरची माणसं नेहमी विचारतात. आधी आदेशाचा कागद काढा आणि त्यावरचं कलम वाचा.

आर्मी रूल्स 1954 च्या नियम 13 खाली डिस्चार्ज (सेवामुक्ती) असेल आणि 15 वर्षांची पात्र सेवा भरली असेल, तर पेन्शन सहसा शाबूत राहते. आर्मी ॲक्ट 1950 च्या कलम 20 खाली किंवा कोर्ट मार्शलच्या शिक्षेने बडतर्फी झाली असेल, तर मागच्या सगळ्या सेवेची पेन्शन आणि ग्रॅच्युइटी बुडते. अपवाद म्हणून ती मंजूर करण्याचा अधिकार राष्ट्रपतींना आहे. माजी सैनिकाचा दर्जाही मिळत नाही. त्याबरोबर कॅन्टीन आणि ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना, जातं.

आता आदेशात चूक कुठे सापडते ते पाहा. कलम 20 ची कारवाई कोर्टाच्या शिक्षेवर आधारलेली नसेल, तर नियम 17 प्रमाणे आरोप कळवून लेखी उत्तराला वाजवी वेळ द्यावा लागतो. ती नोटीस मिळाली होती का? चार रेड इंक एंट्री, म्हणजे सेवापत्रकात लाल शाईने नोंदलेल्या शिक्षा, झाल्या म्हणून थेट घरी पाठवलं असेल, तर 2015 चा वीरेंद्र कुमार दुबे निकाल वाचा: नुसती चारची मोजणी पुरत नाही, आधी चौकशी हवी आणि सेवेचा काळ, कठीण ठिकाणची तैनाती हेही विचारात घ्यायला हवं, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे.

समरी कोर्ट मार्शलमध्ये सीओ, म्हणजे युनिटचा कमांडिंग ऑफिसर, एकटाच कोर्ट असतो. आणखी दोघं अधिकारी किंवा जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) शेवटपर्यंत हजर राहतात, पण निकालात त्यांचं मत नसतं. इथे बहुतेक गोष्टी ‘गुन्हा कबूल’ या उत्तरावर ठरतात. ते लिहून घेण्याआधी आरोप आणि कबुलीचा परिणाम समजावणं नियम 115 प्रमाणे कोर्टावर बंधनकारक आहे. म्हणून कार्यवाहीची पूर्ण प्रत लेखी अर्ज करून मागवा आणि ते पान आधी तपासा.

लाजेपोटी कागद पेटीत पडून राहतात, याचं फार वाईट वाटतं. कलम 20 च्या आदेशाविरुद्ध आधी वरिष्ठांकडे लेखी दाद मागा. तिचा अंतिम निर्णय आल्यापासून 6 महिन्यांत सशस्त्र दल न्यायाधिकरणात जावं लागतं. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी खंडपीठ मुंबईत आहे. मुदत उलटली असेल, तर उशिराचं कारण पुराव्यासह मांडून विलंबमाफीचा अर्ज सोबत जोडा.