एक सूत माया

ओहायोत येऊन मला अकरा वर्षं झाली आणि त्यातली सात वर्षं मी लोकांच्या क्विल्टना, म्हणजे इकडच्या गोधड्यांना, कडा लावतेय. इकडे बऱ्याच जणी वरचा थर म्हणजे टॉप घरी जोडतात आणि लाँगआर्म म्हणजे गोधडी टिपायच्या मोठ्या मशिनवालीकडे देतात, ती टॉप, मधलं बॅटिंग म्हणजे आतलं भरण आणि खालचं अस्तर तिन्ही मिळून टिपते, आणि मग चारी बाजूंनी तीन-चार इंच बॅटिंग-अस्तर लोंबत असलेलं ते धूड माझ्याकडे येतं. ते कापायचं आणि बाइंडिंग लावायचं, आपल्याकडे गोट म्हणतात ना, तेच.

मार्चमध्ये एक सत्तरीच्या बाई आल्या. टॉप त्यांच्या आईनं १९७६ साली जोडलेला. त्या वर्षी अमेरिकेच्या स्वातंत्र्याला २०० वर्षं झाली म्हणून इकडे क्विल्टची मोठी लाट आली होती, घरोघरी बायका जोडायला बसल्या, आणि त्यातलेच कितीतरी टॉप पुढे कपाटात तसेच राहिले. हाही राहिला. आई गेल्यावर सापडला, लेकीनं टिपून घेतला आणि माझ्याकडे आणला, सोबत आईच्याच डब्यातलं तपकिरी बारीक फुलांचं अर्धा यार्ड कापड, म्हणाल्या कड याचीच हवी.

मी आधी टेबलावर पसरून नुसती बघत बसले. बारा इंची चौकोन, पाच आडवे सहा उभे, प्रत्येकात सॉटूथ स्टार म्हणजे आठ टोकांची चांदणी, आणि भोवती बॉर्डर नाहीच. म्हणजे चांदण्यांची टोकं थेट कडेला. एका चौकोनाच्या बाजूला दोन, अशी सगळ्या कडेवर मिळून ४४ टोकं. शिवणाऱ्याला हे बघितलं की धडकीच भरते, कारण बाइंडिंगची टीप पाव इंचावर बसते, तेवढी माया, म्हणजे शिवणीसाठी सोडलेलं जास्तीचं कापड, टोकाबाहेर नसेल तर टोक टिपेखाली जातं आणि चांदणी बोथट दिसते. इथे कुठे पाव इंच होती, बऱ्याच ठिकाणी एकच सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि खालच्या उजव्या कोपऱ्याजवळ एका टोकाला तर काहीच नाही. यात त्या माउलीचा काही दोष नाही हो. कापड झटपट सरळ कापणारा गोल पात्याचा रोटरी कटर ओल्फा कंपनीनं १९७९ मध्ये आणला, त्याआधी पुठ्ठ्याचा साचा ठेवायचा, पेन्सिल फिरवायची आणि कात्रीनं एकेक तुकडा कापायचा. अशा शेकडो तुकड्यांत एखादं सूत इकडेतिकडे होणारच.

त्यात खालची कड मध्ये अर्धा इंच बाहेर आलेली, झोळ पडलेला. नियमानं मोठी पट्टी लावून सरळ रेषेत कापायचं आणि काटकोन साधायचा, पण मोजून बघितलं तर पाच टोकं कापली जात होती. क्विल्ट भिंतीवर लावायची असेल तर काटकोन, पांघरायची असेल तर चांदण्या, असं मला मनापासून वाटतं. मी बाईंना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, पांघरायचीय.

मग कात्रण काढण्याआधी टॉपच्या अगदी कडेवरून लांब टाक्याची एक टीप मारून घेतली, झोळ होता तिथे खालचा धागा जरासा ओढून वाफेची इस्त्री फिरवली, झोळ बराच बसला. आणि कापताना पट्टीची एक सुताची रेघ टॉपच्या कडेवर ठेवून बॅटिंग-अस्तर तेवढं बाहेर सोडलं. म्हणजे नव्या कडेपासून पाव इंचावर टीप मारली तरी टॉपचं एकच सूत त्यात जातं, टोकं वाचतात, आणि गोट आतून भरलेलाही राहतो. टॉप एवढ्याशा मायेवर धरायचा म्हणूनच ती आधीची टीप. ज्या टोकाला मायाच नव्हती ते थोडं जाणार होतं, तेही बाईंना आधीच सांगून ठेवलं.

प्रत्येक कापाआधी खालून हात फिरवते मी. तीन वर्षांपूर्वी एकीच्या क्विल्टची घडी खाली दुमडलेली मला दिसली नाही आणि बॉर्डरला तीन इंचांचा काप गेला. तिला लगेच सांगितलं, ठिगळ लावून दिलं, पैसे घेतले नाहीत, पण ती रात्र अजून आठवते.

आता कापड. घेर २६४ इंच. अडीच इंची सात पट्ट्या म्हणजे साडेसतरा इंच, अर्धा यार्ड म्हणजे अठरा, बसायला हवं होतं, पण कापलेली बाजू तिरकी, ती सरळ करताना पाऊण इंच गेलं आणि सातवी पट्टी निघेना. मग सव्वादोन इंची काढल्या. ४२ इंची सात म्हणजे २९४, सहा तिरके जोड प्रत्येकी सव्वादोन इंच खातात, उरले साधारण २८०. शेवटच्या जोडाला दहा इंच धरले तरी सहा इंच शिल्लक. एकही पट्टी चुकवायची सोय नव्हती.

एक गोष्ट मात्र मी त्यांना स्पष्ट सांगितली की पन्नास वर्षांचं सुती कापड आहे आणि क्विल्टमध्ये आधी झिजतो तो गोटच, नवं कापड जास्त टिकेल. आमची आजी कोल्हापूरकडची, जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवायची, कडेला लुगड्याचेच काठ लावायची आणि काही वर्षांनी ते विरले की उसवून दुसरे लावायची, आतला धावदोरा तसाच. हेही सांगितलं त्यांना. त्या म्हणाल्या, मग विरेल तेव्हा बघू, आत्ता आईचंच लाव.

पट्टी दुहेरी दुमडून पुढून मशिननं लावली, प्रत्येक कोपऱ्यात पाव इंच आधी थांबून, तिरकी वर दुमडून परत खाली आणून. मागची बाजू हातानं, नेहमीपेक्षा टाके जवळजवळ घातले, दोन संध्याकाळी गेल्या त्यात.

न्यायला आल्या तेव्हा बाईंनी क्विल्ट टेबलावर पसरायला लावली आणि बोट फिरवत टोकं मोजली. त्रेचाळीस. चव्वेचाळिसाव्यावर, त्या बोथट झालेल्यावर, अंगठा ठेवून जरा वेळ उभ्या राहिल्या, मग म्हणाल्या, घडी घालायला मदत कर.