बंडूचा डबा

गौरी-गणपती उरकून लोक गावाहून परतायला लागले की आमच्या दवाखान्यात दोन-तीन दिवस श्वास घ्यायला फुरसत नसते. कुणाच्या लॅब्रॅडॉरनं एकवीस मोदकांचा नैवेद्य एकट्यानं संपवलेला असतो, कुणाची मांजर ढोलताशांना घाबरून पलंगाखाली जी बसते ती बाहेरच येत नाही. अशाच एका सकाळी चपलांचं खोकं दोन्ही हातांत धरून एक मुलगा आत आला. दहावीतला असेल. मागे त्याचे वडील, प्रवासाचा शर्टही बदललेला नव्हता.

"मॅडम, बंडूला रातकिड्यांनी खाल्लं."

मला वाटलं, घाबरून बोलताना 'नी' आणि 'ला'ची अदलाबदल झाली. म्हटलं, "बंडूनं रातकिडे खाल्ले, असंच ना?"

त्यानं खोक्याचं झाकण उघडलं.

बंडू म्हणजे बिअर्डेड ड्रॅगन. मूळ ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत भागातला सरडा. गळ्याखाली काट्यांची दाढी, चिडला किंवा दुखत असलं की ती काळी पडते. (सरडा म्हटलं की मी आधी जात विचारते. घोरपडीचं पिल्लू 'शेतात सापडलं' म्हणून पाळायला घेऊन येणारे महाभाग अजूनही भेटतात. वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे पाळणं गुन्हा, हे सांगितलं की चेहरे उतरतात.) बंडूची दाढी त्या दिवशी कोळशासारखी होती. डोळे मिटलेले. हातात घेतला तर गार लागला. थर्मामीटरनं २४ अंश दाखवले. दिवसा ज्या दिव्याखाली हा प्राणी अंग शेकत बसतो तिथे ४० अंशांच्या आसपास तापमान लागतं, त्याशिवाय त्याला धड पळता येत नाही आणि पोटातलं पचतही नाही.

भिंगाच्या दिव्याखाली धरल्यावर मुलाचं म्हणणं पटलं. शेपटीच्या बुडाशी नाण्याएवढी जागा कातडी नसलेली. मागच्या डाव्या पायाचं एक बोट टोकापासून काळं. उजव्या पापणीची कड कुरतडलेली. दात लागल्याची जखम वेगळी दिसते, मार लागल्याची वेगळी. ही जखम म्हणजे नखं कापायच्या कात्रीनं कुणीतरी बसून, सावकाश, बारीक बारीक घास काढावेत तशी. कडेला चंद्रकोरी.

हकीकत वडिलांकडून कळली. पाच दिवसांसाठी सगळे कोकणात घरच्या गणपतीला. सरडा एसटीतून न्यायचा कसा? शेजाऱ्यांना सांगावं तर सगळी बिल्डिंगच गावी. मग चिरंजीवांनी युक्ती काढली. कुरिअरनं आलेले साठेक रातकिडे, त्यांच्यावर कॅल्शियमची पावडर भुरभुरवली आणि सगळे एकदम बंडूच्या काचेच्या पेटीत सोडले. रोज बारा या हिशोबानं.

"पाच दिवसांचा डबा भरून ठेवला होता हो," वडील म्हणाले. त्यांच्या आवाजात जरा अभिमानच होता.

"आणि दिवा? टायमरवर होता ना?"

मुलानं मान हलवली. "होता. सकाळी आठला लागतो, रात्री आठला बंद होतो."

वडील काहीतरी आठवून एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "मी निघताना मेन स्विच बंद केला."

आपल्याकडे कुठल्याही घरात हेच होतं. गॅसचा कॉक, पाण्याचा नळ, फ्रिज रिकामा करून मेन बंद, कुलूप दोनदा ओढून बघायचं. या माणसानं सवयीनं जे केलं ते शहाण्या घरमालकासारखंच केलं होतं. पण दिवा गेला तसा बंडू गारठत गेला, कोपऱ्यात दगडासारखा पडून राहिला. समोर साठ रातकिडे आणि खायची ताकद नाही. पेटीत एकच वाटी होती, पाण्याची, तीही बंडूपुरती. तिच्यात उतरलेले दहा-बारा बुडून मेले. बाकीच्यांना ना अन्न ना ओल. रातकिडा रात्री हिंडतो, सरडा रात्री झोपतो. पुढचं सांगायला नको.

तेवढ्यात खोक्यात अंथरलेल्या नॅपकिनच्या घडीतून एक रातकिडा टुणकन उडाला आणि माझ्या केसपेपरवर बसला. आमच्या मावशी किंचाळल्या. मुलगा चप्पल काढायला वाकला होता, त्याला थांबवलं आणि काचेचा ग्लास उपडा घातला. भिंगातून बघितलं. मागचा एक पाय नव्हता. तो बहुतेक भाऊबंदांपैकीच कुणीतरी खाल्ला असणार, उपाशी रातकिडे एकमेकांना सोडत नाहीत. पोट चपटं, कागदासारखं. पावडरीचा कणही अंगावर नाही. ती ते पायांनी आणि तोंडानं काही तासांत साफ करून टाकतात.

ग्लासाखालचा कागद बंडूचाच केसपेपर होता. जूनमधली माझीच नोंद. वजन २२८ ग्रॅम. यूव्हीबी दिवा (उन्हातले अतिनील किरण देणारा) बदलावा, खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन चालणार नाही, वगैरे अर्धं पान. काच ते किरण अडवते, आणि ते किरण नसतील तर कातडीत डी जीवनसत्त्व तयार होत नाही. जुना दिवा उजेड देत राहतो पण ते किरण देत नाही. हे मी तेव्हा त्याला दहा मिनिटं रंगवून सांगितलं होतं. आणि खाली, आहार: रातकिडे. एवढंच. ते रातकिडे कशात ठेवतोस, ते काय खातात, हे मी विचारलंच नव्हतं.

आता विचारलं.

"प्लास्टिकच्या डब्यात. पेपर टाकतो आत."

"खायला?"

"कुणाला? रातकिड्यांना?"

म्हणजे तीन महिने बंडूला आम्ही पेपर खाऊ घालत होतो. रातकिड्याच्या अंगात मुळातच कॅल्शियम थोडं आणि फॉस्फरस त्याच्या कितीतरी पट. सरड्याला हवं उलट, फॉस्फरसच्या दुप्पट कॅल्शियम. ही उणीव भरायची ती रातकिड्याच्या पोटात जाणाऱ्या घासातून आणि वरून भुरभुरवलेल्या पावडरीतून, तीही तोंडात पडायच्या पाच मिनिटं आधी. बंडूचा खालचा जबडा मी अंगठ्यानं हलका दाबला तर तो किंचित वाकला. एक्स-रेत हाडं फिकी आली, धुक्यातल्या झाडांसारखी. वजन १९६. जखमा पाच दिवसांच्या होत्या, हाडांचं दुखणं तीन महिन्यांचं.

गार सरड्याला लगेच खाऊ घालायचं नसतं, पोटातच कुजतं. आधी तासभर ऊब, मग कातडीखाली सलाइन, मग वेदनेचं औषध. जखमा धुऊन सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलम. अँटिबायोटिकचं इंजेक्शन पुढच्या पायात. मागच्या अंगातलं रक्त आधी मूत्रपिंडातून जात असल्यानं आम्ही सरपटणाऱ्यांना मागे टोचत नाही. दर तिसऱ्या दिवशी एक, अशी सात. काळं पडलेलं बोट दोन दिवसांनी भूल देऊन काढलं. पापणी वाचली.

वडिलांना एकच काळजी होती, आणि ती त्यांनी मुलगा बाहेर गेल्यावर विचारली. "माझ्यामुळेच ना?" मी म्हटलं, तीन जणांमुळे. त्यांनी बोटं मोजली आणि तिसरं कोण हे विचारलं नाही.

दुसऱ्या इंजेक्शनला मुलाला रातकिड्यांचा डबा घेऊन यायला सांगितलं. झाकण उघडल्यावर जो वास आला तो मावशी अजून विसरलेल्या नाहीत. अमोनिया, बुरशी आणि मेलेले किडे यांचं मिश्रण. मागच्या खोलीत मी, तो आणि एक मोठा प्लास्टिकचा टब, असा रविवार गेला. झाकणाला मोठं भोक पाडून बारीक धातूची जाळी बसवली. प्लास्टिकची जाळी ते कुरतडतात. आत अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावले, आडवे नाही. उभे असले की विष्ठा खाली पडते आणि किड्यांना बसायला जागा दुप्पट होते. पाण्याची वाटी नाही, गाजराच्या चकत्या. कोरडं खाणं गव्हाच्या कोंड्याचं, आणि रोज मूठभर शेवग्याचा पाला. शेवग्यात कॅल्शियम भरपूर, आणि पुण्यात झाड शोधायला लांब जावं लागत नाही. पालक मी मुद्दाम टाळला, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. बंडूकडे जायच्या आधी रातकिड्यानं निदान एक दिवस हे पोटभर खाल्लेलं असलं पाहिजे. आणि बंडूच्या दोन डोळ्यांमध्ये जेवढं अंतर, त्याहून मोठा किडा नाही. पंधरा मिनिटांत जे खाल्लं जाणार नाही ते परत टबात.

एका कोपऱ्यात ओल्या कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाचा, डबा ठेवला. मादीच्या मागे सुईसारखी नळी असते, ती खुपसून ती अंडी घालते. मुलगा नाक डब्याला लावून बघत होता. "मॅडम, ही इंजेक्शन देतेय." दोनेक आठवड्यांनी त्या कोकोपीटवर खसखस सांडल्यासारखं दिसलं आणि ती खसखस हलायला लागली.

मधल्या काळात कुरिअर यायला उशीर झाला की तो बागेत किडे पकडायचा, तेही बंद केलं. सोसायटीत कधी कुठलं औषध मारलंय कुणाला ठाऊक. त्यानं एकदा सहज विचारलं, भंडारदऱ्याला मेमध्ये काजवे बघायला जाणार आहोत, चार आणू का? अंगावर काटा आला. अमेरिकेतल्या काही काजव्यांत असं विष आहे की एक-दोन काजव्यांत बिअर्डेड ड्रॅगन मेल्याच्या नोंदी आहेत. आपल्या काजव्यांवर हा प्रयोग बंडूनं करू नये, एवढंच सांगितलं.

डिसेंबरपर्यंत बंडू २७० ग्रॅमवर आला. जबडा कडक झाला, मागच्या पायाला चार बोटं राहिली आणि चालताना तो ते पाऊल जरा वळवतो. माझ्या छापील केसपेपरवर आता 'आहार'च्या खाली आणखी एक ओळ आहे: 'आहाराचा आहार'. नवे शिकाऊ डॉक्टर ती छपाईची चूक समजतात.

यंदा गणपतीच्या आदल्या संध्याकाळी वडिलांचा मेसेज आला. "मॅडम, निघालो. बंडू आणि टब दोन्ही खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे. त्या म्हणतात, सरड्याकडे बघणार नाही पण रातकिड्यांना गाजर घालेन, त्यांचा आवाज माहेरच्यासारखा येतो. बंडूला मुलाचा मित्र येऊन घालेल. मेन त्यांचाच, त्यामुळे चालू."

दहा मिनिटांनी दुसरा. "आमचा बंद केला."